सभागृहाचा नकार

३ एप्रिल १९९२. बीजिंगमध्ये राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेपुढे यांगत्झे नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाचा ठराव मताला आला. बाजूने १,७६७ मते पडली, विरोधात १७७, आणि ६६४ प्रतिनिधी तटस्थ राहिले. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश सभागृहाने मान डोलावली नाही. तरी धरण झाले आणि बारा लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. याच सभागृहाने २०१८ साली राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा काढून टाकली, तेव्हा विरोधात अवघी दोन मते होती. सुमारे तीन हजार सदस्यांची ही सभा वर्षातून एकदाच भरते. एरवीचे कायदे तिची स्थायी समिती करते.

विधिमंडळांची तुलना करताना आपण सदस्य किती, सभागृहे एक की दोन, निवडणूक कशी, असे कोष्टक मांडतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: इथे सदस्याने ‘नाही’ म्हटले, तर पुढे काय होते?

ब्रिटनमध्ये १५ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. विरोधात गेलेल्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. दुसऱ्याच दिवशी विरोधकांनी अविश्वास ठराव आणला, तेव्हा हीच मंडळी सरकारच्या पाठीशी उभी राहिली आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ मतांनी तरले. करार नको, पण सरकार हवे, हे दोन वेगळे निर्णय चोवीस तासांत त्याच बाकांवरून झाले. पक्षाविरुद्ध मत दिल्याने तिथे पक्षाचा रोष ओढवतो, क्वचित हकालपट्टीही होते; खासदारकी मात्र जात नाही. संसदीय लोकशाहीचा सारा जीव मला या फरकात दिसतो.

अमेरिकेत मंत्री काँग्रेसचा सदस्य असूच शकत नाही आणि तिथल्या नकाराने राष्ट्राध्यक्ष पायउतार होत नाही. नकार तिजोरीवर बसतो. बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवायलाच सिनेटच्या १०० पैकी ६० मते लागतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खर्चाची मंजुरी अडली आणि ४३ दिवस संघराज्य सरकारचे कितीतरी कामकाज बंद पडले, लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. आपल्याकडे लोकसभेने सरकारच्या खर्चाला नकार दिला, तर सरकारलाच जावे लागेल.

जर्मनीने वायमार प्रजासत्ताकाची पडझड पाहून अट घातली: चॅन्सेलरला हटवायचे असेल, तर त्याच मतदानात उत्तराधिकारी निवडा. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले, ते असेच.

आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेचा नकार सर्वांत दुबळा. विधानसभेचे साधे विधेयक ती फार तर चार महिने लांबवू शकते. पण वि. स. पागे याच परिषदेचे सभापती होते, आणि ज्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला, ती त्यांच्या ध्यासातून उभी राहिली. मतदानाचे बळ नसलेल्या खुर्चीतूनही दुष्काळात फावडे हाती घेणाऱ्याचा विचार होऊ शकतो, हे महाराष्ट्राने विसरू नये.

भारतात सदस्याच्या नकाराचे काय होते? १९६७ नंतरच्या ‘आयाराम-गयाराम’ काळाचा धडा घेऊन १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. हेतू योग्यच होता. पण पक्षादेश निघाला की विषय विश्वासदर्शकाचा असो, शेतीचा असो की शिक्षणाचा, आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे किंवा गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच तो वाचतो. लंडनमधले ते ११८ खासदार दिल्लीत असते, तर पक्षादेश झुगारल्याबद्दल अपात्रतेच्या दारात उभे राहिले असते.

आणि ज्यासाठी हे बंधन घातले, ते तरी थांबले का? २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. अपात्रतेच्या याचिकांवर विधानसभा अध्यक्षांनी २०२४ मध्ये निकाल दिले, त्यांत एकही आमदार अपात्र ठरला नाही. गट करून जाणाऱ्यांना वाट सापडली. एखाद्या विधेयकावर एकट्याने हात वर करू पाहणारा तेवढा अडला. हे मला अन्यायाचे वाटते, कारण मतदाराने पाठवलेला माणूस तोच असतो.

पक्षादेशाची ही सक्ती विश्वासदर्शक आणि अविश्वासाच्या ठरावांपुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. २०१० मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी अशाच दिशेचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. खासगी विधेयकांसाठी शुक्रवारी दुपारी अडीच तास राखलेले असतात. त्या वेळात आलेल्या विधेयकाचा कायदा झाल्याला मात्र अर्धे शतक उलटून गेले. शेवटचा झाला तो १९७० साली.