साताऱ्याच्या जुन्या शाळा आणि आपल्या गावचं रजिस्टर

गावची जुनी शाळा ठेवायची की पाडायची, हा प्रश्न आज ना उद्या बहुतेक ग्रामपंचायतींपुढे येतो. काळ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. जुनी माणसं अजून तिला 'बोर्डाची शाळा' म्हणतात. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या, त्याआधी प्राथमिक शाळांचा कारभार स्कूल बोर्डाकडे होता, त्या वेळचं हे नाव. पाडायचा ठराव ग्रामसभेत आला की दोन तट पडतात. त्याआधी सातारा शहरातल्या दोन जुन्या शाळांची हकिकत मंडळींनी ऐकावी.

राजवाड्यातली शाळा

साताऱ्याचा जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. इंग्रजांनी 1839 साली महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. 1847 साली ते तिथेच वारले आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचं राज्य खालसा झालं. राजा गेला आणि त्याच्या वाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागलं. तेच आजचं छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. ते जिल्हा परिषदेकडे आहे.

या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका निवृत्त सुभेदाराचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरला 1914 या क्रमांकापुढे नाव पडलं, भिवा रामजी आंबेडकर. लहानपणी शाळेत आपल्याला वेगळं बसावं लागे, बसायला घरून गोणपाट न्यावं लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे, असं बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. 1904 पर्यंत ते साताऱ्यात शिकले. शाळाप्रवेशाचा तो दिवस राज्य शासनाने 2017 साली 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला. दिवस नेमका सांगता आला तो कशामुळे? रजिस्टरातली नोंद शाबूत राहिली म्हणून.

वाड्याविना उभी राहिलेली शाळा

दुसरी हकिकत कर्मवीर भाऊराव पाटलांची. 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातल्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहात, एका पंगतीत जेवत आणि अंगमेहनतीची कामं करत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. गावोगावच्या बायाबापड्यांनी दळणातलं मूठमूठ धान्य बाजूला काढून दिलं. पुढे संस्थेने खेड्यापाड्यांत शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. इमारत नव्हती म्हणून शाळा अडली नाही. देऊळ, धर्मशाळा, चावडी, जिथे जागा मिळाली तिथे पाट्या निघाल्या. स्वातंत्र्यानंतर या शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. म्हणजे आज आपण जिला जिल्हा परिषदेची शाळा म्हणतो, तिची सुरुवात एखाद्या देवळाच्या ओसरीवर झालेली असू शकते.

नोंद नसली की काय होतं

पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडे वाडा सर्वांना माहीत आहे. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. स्मारकाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला. 2023 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला आणि डिसेंबरात मोडकळीला आलेला वाडा पाडला गेला. वाडा गेला तरी शाळेची माहिती लिहून ठेवलेली असल्यामुळे इतिहास बुडाला नाही. आपल्या गावच्या शाळेचं तसं नाही. तिची माहिती असलीच तर फक्त तिच्या कपाटातल्या रजिस्टरात.

या रजिस्टराची किंमत आता शेतकऱ्यालाही कळली आहे. जात पडताळणीला पूर्वजांचे जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. त्यात शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराला मोठं वजन आहे. 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम निघाली, तेव्हा जुनी रजिस्टरं उघडली गेली. काही पानं मोडीत, काही वाळवीने खाल्लेली. आजोबा शाळेत गेले होते हे सगळ्या गावाला ठाऊक, पण पान नाही म्हणजे पुरावा नाही.

मग इमारतीचं काय करायचं?

जुनं म्हणून सगळंच जपा, असं म्हणणं बरोबर नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती भूकंपात कशा ढासळतात, हे 11 डिसेंबर 1967 ला कोयनेने आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीने दाखवलं. जुलै 2025 मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत कोसळून 7 मुलं दगावली. धोकादायक खोलीत एक दिवसही वर्ग भरवू नये. बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी आणि इमारत खरोखर कामातून गेली असेल तर निर्लेखनाचा प्रस्ताव द्यावा. पण कौलं फुटली, पाणी गळतं, एवढ्यावरच धडधाकट दगडी बांधकाम पाडू नये. छप्पर बदललं की तिथे वाचनालय किंवा अंगणवाडी बसू शकते.

आणि काही झालं तरी इमारतीला हात लावण्याआधी एक काम करावं. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीने मिळून कपाट उघडावं. रजिस्टरांची वर्षवार यादी करावी, पानांचे फोटो काढावेत, मोडी जाणणाऱ्याकडून जुन्या नोंदी वाचून घ्याव्यात आणि मूळ रजिस्टरं कोरड्या जागी, कुलपात ठेवावीत. जमीन कोणी दिली, दगड कोणी वाहिला, हे सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यावं. याला फार पैसा लागत नाही. सुट्टीच्या चार दिवसांचं काम आहे.

भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. पान एकदा गेलं की गेलं. भिवाचं नाव असलेलं पान साताऱ्यात राहिलं. तुमच्या शाळेच्या कपाटात कोणाकोणाची नावं आहेत, हे ठराव लिहिण्याआधी एकदा पाहून घ्या.