हातचं काम (लेखांक १४) : पेटीच्या पोटातली तारीख

कोलकात्याच्या कुमारटुलीतल्या मूर्तिकारांची माती या आठवड्यात मळू, असं मागच्या वेळी कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यावर. मूर्ती अजून ओल्याच आहेत, थांबतील. साताऱ्याच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं आहे आणि ते बाजूला ठेवणं काही मला जमलेलं नाही.

त्यांच्या घरी आजेसासऱ्यांची बाजाची पेटी आहे. ‘उघडून बघितल्याशिवाय कुठलीही वस्तू भंगारात घालू नका’ हे माझं नेहमीचं टुमणं त्यांनी मनावर घेतलं. झाकण काढलं, पट्ट्यांचा सांगाडा वर उचलला, तर आतल्या लाकडावर शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. बाई विचारतात, “बाहेरच्या पितळी पाटीवर कलकत्ता आहे, ते कळलं. पण आत साल १३८८ लिहिलंय. पेटी इतकी जुनी असते?” शिवाय ‘दुरुस्तीला कुठं देऊ?’ हा प्रश्न आणि दोन तक्रारी. मधल्या सप्तकातली पांढरी पाच मुकी झाली आहे. आणि काळी चार पावसाळा लागला की कुणी हात लावला नाही तरी आपली आपण गात बसते.

आधी साल. १३८८ मध्ये आपल्याकडे बहमनी राज्य होतं, आणि पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँनं ‘हार्मोनियम’ या नावाचं पेटंट घेतलं ते १८४२ मध्ये. मग हे लिहिलं कुणी? पत्रासोबतचा फोटो मोठा करून बघितला आणि हसू आलं. अकरा वर्षं नोकरीनिमित्त कोलकात्यात काढली, त्यात पहिले सहा महिने मीही बसचे नंबर असेच चुकत होतो. बांगला एक आणि तीन आपल्या आकड्यांचे चुलतभाऊ, ओळखू येतात. पण बांगला चार हुबेहूब इंग्रजी आठसारखा. म्हणजे ते साल १३४४, आणि तेही बंगाब्द. त्यात ५९३ मिळवा, की १९३७ येतं. बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यात बदलतं, म्हणून १९३७-३८ म्हणू. शेजारी एकच शब्द आहे : ‘साराई’. म्हणजे दुरुस्ती. ही पेटी घडवल्याची तारीख नव्हे, कुणीतरी ती बरी केल्याची आहे.

‘बरी केल्याची’ हे मुद्दाम म्हटलं. बांगलात घड्याळ दुरुस्त करणं आणि दुखणं बरं होणं या दोन्हींना एकच क्रियापद चालतं. ताप ‘सारतो’ आणि छत्रीही ‘सारवून’ घेतात. मला याचं फार अप्रूप वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं, आपण तरी काय वेगळं बोलतो? ‘तंदुरुस्त’मधला दुरुस्त तोच तर आहे.

आता बाईंनी उघडलेल्या पेटीत डोकावू. दबँच्या घराण्यातली हार्मोनियम म्हणजे पायानं भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची, मेजाएवढी. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनलाही पायच लागत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात तिचे पाय काढून टाकले. भाता पाठीमागे लावला, एका हातानं हलवायचा. दुसरा हात पट्ट्यांवर. ‘द्वारकिन’ हे त्यांच्या दुकानाचं नाव सुचवलं उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, म्हणजे सत्यजित रायांच्या आजोबांनी, असं सांगतात.

पेटी जमिनीवर आली, मैफलीत बसली, कीर्तनात गळ्यात अडकवता आली, हे सगळ्यांनी लिहिलंय. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. पायाचे पट्टे, दांडे, जोड गेल्यामुळे आतलं यंत्र इतकं सुटसुटीत झालं, की एक स्क्रू-ड्रायव्हर आणि धीर एवढ्या भांडवलावर ती उघडता येते. दुरुस्त करणाराही मग गावोगाव तयार झाला.

बघा ना. मागचा भाता हवा ओढतो आणि पेटीच्या पोटातल्या दुसऱ्या भात्यात भरतो. तो स्प्रिंगच्या जोरावर ती हवा एकसारख्या दाबानं वर लोटतो, म्हणून आपला हात थांबला तरी सूर क्षणभर टिकतो. पट्टी दाबली की मागची झडप उचलते, हवा वाट काढते आणि वाटेत पितळेची एक पातळ जीभ थरथरते. जीभ एका टोकाला रिव्हेटनं बसवलेली, दुसरं टोक चौकटीच्या फटीतून मोकळं आतबाहेर जाणारं. चौकटीला न घासता. पेटीवाले त्या सगळ्याला मिळून ‘सूर’च म्हणतात. ‘पॅरिसचे सूर आहेत’ असं कुणी म्हणालं, तर तो संगीताबद्दल नव्हे, पितळेबद्दल बोलतोय.

जीभ आणि चौकट यांमधली जागा केसाएवढी. त्यात खरोखरच एखादा केस किंवा धुळीचा कण बसला, की सूर मुका. बाईंची पांढरी पाच बहुतेक यातलीच. जिभेचं टोक नखानं अगदी हलकं उचला, वहीच्या कागदाची पट्टी खाली सरकवा, ओढून काढा. फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा पितळेला नको. काळी चारचं दुखणं बहुधा लाकडाचं. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टी शेजारणीला घासते, पूर्ण वर येत नाही आणि झडप उघडी राहते. ती आत्ता कानशीनं घासायला जाऊ नका. माघात लाकूड आटेल आणि तीच पट्टी खुळखुळायला लागेल. पाऊस सरू द्या. तोवर पेटी भिंतीपासून लांब, कोरड्या जागी ठेवा. उन्हात मात्र नको.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पेटीतला एक सूर उतरला होता. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, हा नियम मला तोंडपाठ होता. ऐन वेळी उलटा आठवला. मुळाशी कानस फिरवली, सूर आणखी उतरला. घाबरून टोकाशी फिरवली, भलताच चढला. आठवड्याभरात जीभ तुटली. ती घेऊन रवींद्र सरणीवर गेलो. लालबाजारच्या बाजूला वाद्यांची दुकानं आहेत, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं तुकडा तळहातावर घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आगे शुनुन.” आधी ऐका. दहा मिनिटं त्यानं कानस हातात घेतलीच नाही. नवा सूर बसवला आणि शेजारच्या जुळ्या सुराबरोबर वाजवत राहिला. दोन सुरांत फरक असला की आवाजात लाटा येतात. एक सेकंदाला ४४० वेळा थरथरला आणि दुसरा ४४२ वेळा, तर सेकंदाला दोन लाटा. तो त्या लाटा ऐकत होता. मग कानशीचा एक फेरा, पुन्हा ऐकणं. लाटा लांबत लांबत नाहीशा झाल्या तेव्हा त्यानं कानस पुसून ठेवली.

ज्या रस्त्यावर हे घडलं त्याचं जुनं नाव चितपूर रोड. नवं नाव रवींद्रनाथांचं, कारण जोडासांकोचं त्यांचं घर, ठाकूरबाडी, याच रस्त्याला लागून आहे. आणि रवींद्रनाथांना हार्मोनियम अजिबात खपत नसे! मींड नाही, श्रुती नाहीत, गळ्याला बांधून टाकते, ही तक्रार. रेडिओतल्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानंही पेटीची लेखी टर उडवली होती. १९३९ मध्ये तो कलकत्त्यातच कॉलऱ्यानं गेला. मार्च १९४० पासून रेडिओनं पेटीला दार बंद केलं, त्याला रवींद्रनाथांचा पाठिंबा होता. दार किलकिलं झालं १९७१ मध्ये. एवढी तीस वर्षं ज्या वाद्याला सरकारी स्टुडिओत जागा नव्हती, ते रवींद्रनाथांच्याच नावाच्या रस्त्यावर घडत आणि सारत राहिलं. बाईंची पेटी बरी झाली, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बंदी आली. घरच्या भजनाला रेडिओची परवानगी लागत नव्हती, हे बरंच झालं.

आता शेवटचं. भात्याची घडी कुठं फाटली असेल तर पातळ चामड्याचा तुकडा लावा, पण आजकालच्या झटपट चिकटणाऱ्या गोंदानं नको. जुने कारागीर सरस वापरत. सरस गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो, त्यामुळे पुढच्याला जोड उघडताना लाकूड फोडावं लागत नाही. बाईंची पेटी ऐंशीहून जास्त वर्षांनी मुकाट उघडली, ती १३४४ च्या त्या माणसानं पुढच्याची सोय ठेवली म्हणून.

तेव्हा बाई, दुरुस्तीला कुठं देऊ, या प्रश्नाचं उत्तर : निम्मी दुरुस्ती तुम्हीच केलीय. कागदाची पट्टी फिरवा, पाऊस संपेपर्यंत थांबा, आणि सांगाडा परत बसवण्याआधी त्या पेन्सिलीच्या ओळीखाली आपली तारीख घाला. मराठी आकड्यांत. उद्या ती पेटी फिरत फिरत परत बंगालात गेली आणि कुणाला आपला आठ भलताच काही वाटला, तर तोही कुणा लेखमालावाल्याला पत्र लिहील.

कुमारटुली पुढच्या गुरुवारी. मध्ये आणखी कुणी काही उघडलं नाही तर.