टीडीएस मीटरला न दिसणारे जिवाणू लॅबला कसे सापडतात?

टीडीएस मीटर घेतलाय का कुणी? ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पाण्यात बुडवला की आकडा येतो आणि आकडा कमी आला की घरचे सगळे खूश. मी मूळचा मोखाड्यातल्या खोडाळ्याचा. आमच्याकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तपासलं तर आकडा मस्त येऊ शकतो. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे. जुलाब लावणारे जिवाणू त्या आकड्यात येतच नाहीत.

आणि आमच्याकडे प्रश्न जिवाणूंचाच असतो. पावसाळ्यात धो धो पाऊस, वैतरणेच्या धरणांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. विहीर तळाला गेली की उरलेल्या गढूळ पाण्यावर माणसं आणि गुरं दोघंही. पहिला पाऊस पडला की काठावरची घाण थेट आत.

मग लॅबला कसं कळतं? तिथे जिवाणूंना चक्क दुधातली साखर खायला देतात. पाण्याचा नमुना लॅक्टोज घातलेल्या जांभळ्या द्रवात टाकतात, आत एक इवलीशी उलटी नळी ठेवतात आणि 37 अंशांवर एक-दोन दिवस ठेवून देतात. द्रव पिवळा झाला आणि उलट्या नळीत वायू जमला, तर लॅक्टोज खाणारे कोलिफॉर्म जिवाणू असल्याचा संशय. ई. कोलाय हा त्यांच्यापैकीच, माणसाच्या आणि गुरांच्या आतड्यात राहणारा.

लॅक्टोजच का? साधं ग्लुकोज तर कितीतरी जिवाणू खातात, मग ओळखणार कुणाला? लॅक्टोज तोडायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम लागतं, आणि ते बनवणारं जनुक सगळ्यांकडे नसतं. ई. कोलायकडे आहे. पण तो ते फुकट चालवत नाही. त्याचा कोड साधारण असा:

जर (लॅक्टोज आहे) आणि (ग्लुकोज नाही) तर एन्झाइम बनव.

पहिली अट सांभाळतो रिप्रेसर. हे प्रथिन डीएनएवर जनुकाच्या तोंडाशी बसून रस्ता अडवतं. लॅक्टोज आत आलं की त्यापासून बनलेला ॲलोलॅक्टोज हा रेणू रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसर डीएनए सोडतो आणि रस्ता मोकळा. दुसऱ्या अटीसाठी सीएएमपी नावाचा रेणू आहे. ग्लुकोज संपत आलं की तो वाढतो, कॅप या प्रथिनाला सोबत घेऊन डीएनएवर बसतो आणि काम जोरात सुरू करतो. एन्झाइमचं प्रमाण हजारपटीपर्यंत वाढतं.

इथे मला कायम मजा वाटते. लॅक्टोज आत घेणारं प्रथिनही याच जनुकांच्या गटातलं. म्हणजे स्विच बंद असेल तर लॅक्टोज आत येणार कसं? उत्तर: स्विच थोडा गळका आहे. बंद असतानाही दोन-चार रेणू बनत राहतात, आणि तेवढ्यावर सुरुवात होते. आमच्या टीमने याला बग म्हणून तिकीट काढलं असतं!

जनुकांच्या या गटाला लॅक ऑपेरॉन म्हणतात. दोन साखरा एकत्र दिल्या तर जिवाणू आधी एक संपवतात, जरा थांबतात आणि मग दुसरीकडे वळतात, हे 1940च्या दशकात पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी पाहिलं. 1961 मध्ये फ्रान्स्वा जाकॉब यांच्यासोबत त्यांनी या स्विचचं मॉडेल मांडलं. 1965 चं नोबेल दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत मिळालं.

आता पाण्याकडे परत. काही कोलिफॉर्म मातीतही असतात, त्यामुळे पिवळा रंग म्हणजे लगेच विष्ठा नाही. म्हणून पुढे 44 अंशांच्या आसपास पुन्हा वाढवून ई. कोलाय पक्का करतात. नवीन किटमध्ये याच एन्झाइमने तुटून पिवळा होणारा पदार्थ असतो, आणि ई. कोलायच्या दुसऱ्या एका एन्झाइममुळे अतिनील प्रकाशात निळी चमक दिसते. गावात मिळणारी, काळी पडणारी बाटली मात्र वेगळी. ती हायड्रोजन सल्फाइडवर चालते.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. तेव्हा पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला तर टीडीएसच्या ओळीवर न थांबता खाली या, कोलिफॉर्म आणि ई. कोलायची ओळ बघा. सापडला असेल तर पाणी खळखळून उकळा, आणि विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली, नंतर ओटी टेस्ट केली का, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा.