मनगटावरचा पट्टा, डोक्यातली धून

स्टेजवर सगळ्यात भारी थाट कोणाचा? आणि घरी आल्यावरही डोक्यातून उतरत नाही, तो कोण? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असेल असं वाटत असेल, तर जरा थांबा...

रविवार, १९ जानेवारी २०२५ ची रात्र. डी. वाय. पाटील स्टेडियममधून बाहेर पडलेली जनता नेरूळ स्टेशनकडे निघाली होती. कोणाचा घसा बसलेला, कोणी चालता चालता गातंय, कोणी आत्ताच काढलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतंय. कोल्डप्लेची जादू, दुसरं काय! आणि या सगळ्या जल्लोषात माझा मावसभाऊ मात्र तोंड पाडून चालत होता. साडेबारा हजारांचं तिकीट काढून कोणी तोंड पाडतं का? (माझं साडेचार हजारांचं. तेही अख्खी दुपार लॅपटॉपसमोर व्हर्च्युअल रांगेत बसून मिळवलेलं. असो.)

‘‘काय रे, नाही आवडला शो?’’

‘‘आवडला ना ताई! म्हणून तर डोकं फिरलंय. मी काय केलं सांग आज? हात वर केला. दिवा त्यांनी लावला, रंग त्यांनी ठरवला, विझवलाही त्यांनीच. दोन तास मी लायटिंगच्या माळेतला एक बल्ब होतो.’’

हा गडी कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. मग ऐरोलीत आयटीची नोकरी लागली आणि गिटार कपाटावर गेली. त्यामुळे त्याचं बोलणं मी आधी जळजळ म्हणून सोडून दिलं. पण लोकलमध्ये बसल्यावर आमची जी जुंपली, ती ठाणं आलं तरी संपली नाही. विषय एकच : खरा रॉकस्टार कोण? जो डोळे दिपवतो तो, की ज्याचं ऐकून दहा जण गिटार हातात घेतात तो?

आधी माझी बाजू. क्रिस मार्टिन हा शोमन आहे आणि त्यात त्याला तोड नाही. मनगटावर चमकणारे एलईडी पट्टे कोल्डप्लेने २०१२ च्या टूरमध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरले. कंट्रोल रूममधून सिग्नल सुटतो आणि हजारो मनगटं एकाच ठोक्याला लाल होतात. ऐकायला साधी आयडिया, पण परिणाम बघा. स्टेजपासून सगळ्यात लांब, वरच्या रांगेत बसलेला माणूसही अचानक शोचा भाग होतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ टूरमध्ये तर प्रेक्षकांनी सायकली मारून आणि खास बसवलेल्या जमिनीवर उड्या मारून वीज तयार करायची, इथवर मजल गेली. याच टूरची १ कोटीहून जास्त तिकिटं विकली गेली. नवी मुंबईनंतर अहमदाबादला २५ आणि २६ जानेवारीला प्रत्येकी लाखावर माणसं जमली. हे सगळं काय फुकट होतं?

‘‘थाट मान्य,’’ भाऊ म्हणाला. ‘‘पण हा थाट आला कुठून?’’

इथे मात्र मला गप्प बसावं लागलं, कारण उत्तर मलाही माहीत होतं. यूटू!

आयर्लंडच्या या चौघांनी १९९२ च्या ‘झू टीव्ही’ टूरमध्ये स्टेजवर टीव्हीच्या भिंती उभ्या केल्या आणि पूर्व जर्मनीच्या ट्रॅबंट गाड्या वर टांगून त्यांचे दिवे केले. बोनो भर शोमध्ये व्हाइट हाउसला फोन लावायचा. डेट्रॉइटमध्ये एकदा त्याने स्टेजवरूनच १० हजार पिझ्झांची ऑर्डर दिली. शंभरच आले, पण आले! पुढच्या ‘पॉपमार्ट’ टूरमध्ये बँड एका भल्यामोठ्या आरशाच्या लिंबातून बाहेर यायचा. १९९७ मध्ये ऑस्लोत ते लिंबू उघडलंच नाही आणि जगातला सगळ्यात मोठा बँड आत अडकून बसला. पण गडी खचले नाहीत. २००९ ते २०११ च्या ‘३६०°’ टूरला चार पायांचं अवाढव्य ‘क्लॉ’ आलं. १५ डिसेंबर २०१९ ला ते याच डी. वाय. पाटीलमध्ये वाजवून गेले, सोबतीला ए. आर. रहमान. आणि २०२३ मध्ये लास व्हेगासचं ‘स्फिअर’ उघडलं तेही त्यांनीच, सलग महिने मुक्काम ठोकून ४० शो.

पण यूटूचं खरं कर्ज स्टेजच्या थाटाचं नाहीच. ते आहे गिटारिस्ट एजच्या डिलेचं. एक सूर छेडायचा, मशीन त्याचा प्रतिध्वनी परत पाठवणार आणि त्या प्रतिध्वनीच्या मधल्या फटीत पुढचा सूर बसवायचा. वाजवणारा एक, भास तिघांचा. स्टेडियम भरून टाकणारा हा आवाज नंतर कित्येकांनी उचलला, कोल्डप्लेने तर उघड उघड. क्रिस मार्टिनने ‘रोलिंग स्टोन’मध्ये यूटूवर भक्तिभावाने लेख लिहिलाय. यूटूचा ‘द जोशुआ ट्री’ घडवणारा ब्रायन ईनोच पुढे २००८ च्या ‘व्हिवा ला व्हिडा’साठी कोल्डप्लेने निर्माता म्हणून बोलावला. आता बोला!

डेव्ह ग्रोलची गोष्ट वेगळी. फू फायटर्सचा हा म्होरक्या, त्याआधी निर्वाणाचा ड्रमर. १२ जून २०१५ ला स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये दुसऱ्याच गाण्याला तो स्टेजवरून पडला आणि पाय मोडला. त्याने खाली पडल्या पडल्याच माइकवर सांगितलं की पाय मोडलाय, पण मी परत येतो. आणि आला! डॉक्टरमंडळींपैकी एक जण त्याचा पाय धरून बसलाय आणि साहेब गातायत. पुढचे शो त्याने स्वतः डिझाइन केलेल्या, गिटारी जडवलेल्या सिंहासनावर बसून केले. २०१६ मध्ये ॲक्सल रोझचा पाय मोडला, तेव्हा हेच सिंहासन त्याला उसनं मिळालं. शोमनशिपसाठी कोट्यवधींचा पडदा लागतोच असं नाही, मोडका पायही पुरतो.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट सांगताना मात्र भावाचे डोळे चमकत होते. इटलीत चेझेना नावाचं गाव आहे. फू फायटर्सनी आपल्या गावात यावं म्हणून २६ जुलै २०१५ ला तिथल्या मैदानात हजार वादक-गायक जमले आणि सगळ्यांनी एकदम ‘लर्न टू फ्लाय’ वाजवलं. शेकडो ड्रम, शेकडो गिटार, एक ठोका. व्हिडिओ जगभर फिरला आणि नोव्हेंबरमध्ये बँड खरंच चेझेनाला गेला. ‘‘बघ ताई, इथे हजार माणसं बल्ब नव्हती,’’ भाऊ म्हणाला. मला पटलं. त्याच्यापुढे कबूल केलं नाही, एवढंच.

आणि मग जॅक व्हाइट. माझ्या मते या सगळ्यांत भाव खाऊन जाणारा गडी हाच.

डेट्रॉइटचा हा माणूस आधी सोफ्या-खुर्च्यांचं कापडकाम करायचा. द व्हाइट स्ट्राइप्समध्ये माणसं फक्त दोन, तो आणि ड्रमवर मेग. रंग फक्त तीन : लाल, पांढरा, काळा. बेस गिटारवाला नाहीच. २००२ च्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये शोआधी आवाज तपासताना त्याला सात सुरांची एक ओळ सुचली. पुढेमागे बाँडपटाला कामी येईल म्हणून तो ती जपून ठेवणार होता. पण २००३ च्या ‘एलिफंट’मध्ये ती आली, ‘सेव्हन नेशन आर्मी’ म्हणून. लहानपणी ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव तो असंच ऐकायचा, म्हणून हे शीर्षक. आणि तो घुमणारा बेस? तो बेस नाहीच, साध्या गिटारचा आवाज पेडलने एक सप्तक खाली उतरवलाय.

पुढची गंमत तर त्याच्या हातातच नव्हती. ऑक्टोबर २००३ मध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुझ फुटबॉल टीमचे फॅन मॅचसाठी मिलानला गेले. तिथल्या एका बारमध्ये ही धून लागली होती. तीच गात ते मैदानात गेले आणि टीम चक्क ए. सी. मिलानला हरवून आली. झालं, धून ब्रुझला मुक्कामाला गेली. २००६ मध्ये रोमाचे फॅन ती तिथून उचलून इटलीत घेऊन आले आणि त्याच उन्हाळ्यात इटलीने वर्ल्डकप जिंकला तेव्हा अख्खा देश शब्दांशिवाय तीच ओळ गात होता. पट्टा नाही, पडदा नाही, बँडसुद्धा जागेवर नाही!

बरं, याला शोमनशिप जमत नाही असंही नाही. १६ जुलै २००७ ला कॅनडात सेंट जॉन्समध्ये व्हाइट स्ट्राइप्सनी भर रस्त्यात एक शो केला. एक सूर वाजवला, शो संपला! (रात्री पूर्ण कार्यक्रम केला, लोकांना रिकाम्या हाती धाडलं नाही.) २०११ मध्ये बँड फुटला. २०१८ मध्ये तर जॅकच्या शोला प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशवीत जायचे. क्रिस मार्टिन तुमच्या मनगटाला दिवा बांधतो आणि याने तुमच्या हातातला उजेडच काढून घेतला. दोघंही बघ, इकडे बघ, असंच म्हणतायत की!

मला विचाराल तर मी पुन्हा कोल्डप्लेला जाईन. तिकीट मिळालं तर. त्या रात्री पन्नासेक हजार माणसं एकदम पिवळी झाली तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण पट्टा गेटवर परत द्यायचा होता, तो मी दिला.

मागच्या महिन्यात भावाच्या ऑफिसची टर्फवर फुटबॉल मॅच होती, मी बघायला गेले होते. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि बारा-तेरा पोरं खांद्यावर हात टाकून ओरडायला लागली, ओऽऽ ओ ओ ओ ओऽ ओऽ... तीच ती! गोल मारणाऱ्या पोराला मी विचारलं, हे गाणं कोणाचं आहे रे?

‘‘कोणाचं म्हणजे? फुटबॉलचं आहे ना,’’ तो म्हणाला.

भाऊ बाजूला उभा राहून हसत होता. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर नवे घट्टे दिसले. गिटार कपाटावरून खाली आलीय.