घरी बांधलेलं विमान: पत्र्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत

कॅप्टन अमोल यादव मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि 2016 च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांसमोर आणलं. त्याची नोंदणी 2017 साली झाली, उड्डाणाचा परवाना 2019 साली मिळाला. यादवांच्या चिकाटीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच आहे. पण असं विमान नेमकं उभं कसं राहतं, हे फारसं कोणी सांगत नाही. शिरवळ-खंडाळा पट्ट्यातल्या कारखान्यांत पत्राकाम, वेल्डिंग, लेथ यांवर हात बसलेली माणसं शेकड्यांनी आहेत. त्यांना यातलं बरंचसं काम ओळखीचं वाटेल. फरक आहे तो तपासणीत.

हलक्या विमानाचा सांगाडा बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा असतो आणि तो रिव्हेटनी जोडतात. दोघांच्या छोट्या विमानातही रिव्हेटची संख्या हजारांत जाते. आधी भोक पाडायचं, पत्रे क्लेको नावाच्या खिळीने तात्पुरते धरायचे, मग सगळं पुन्हा सुटं करून प्रत्येक भोकाची बर काढायची. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण विमानाचं आयुष्य तिथेच ठरतं. इंजिनाच्या थरथरीने पत्रा वर्षानुवर्षं हलतो आणि चीर सुरू होते ती बहुतेक वेळा अशाच राहिलेल्या बरीच्या टोकाशी. भोक पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर हवं. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात: एक बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकल्यावर आतलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं पाहिजे. म्हणजे 3.2 मिलिमीटरच्या रिव्हेटला 4.8 रुंदी आणि 1.6 उंची. मापात बसलं नाही, तर रिव्हेट ड्रिल करून काढायचा आणि नवा घालायचा.

नट-बोल्टांचंही तसंच. दुकानातला दिसायला तसाच बोल्ट विमानाला चालत नाही, प्रमाणित विमानी बोल्टच लागतो. जिथे बोल्टभोवती काही फिरतं, उदाहरणार्थ शेपटीवरच्या एलिव्हेटरच्या दांडीच्या टोकाशी, तिथे नायलॉनची कडी असलेल्या नटवर विसंबत नाहीत. खाचांचा नट बसवून त्यात कॉटर पिन घालतात. आणि पंखाचा शेवटचा पत्रा बंद करण्याआधी दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून आतली प्रत्येक जोडणी जायलाच हवी. एकदा बंद झालं, की आतलं पुन्हा दिसणार नाही.

विमानाचा आराखडा तयार विकत घेतला असेल, तर पंखाची ताकद आराखडा करणाऱ्याने आधीच सिद्ध केलेली असते. स्वतःच आराखडा केला असेल, तर ते ओझं आपल्यावर येतं. नेहमीच्या हलक्या विमानाचा पंख वजनाच्या 3.8 पट भार पेलेल असा धरतात, आणि त्यावर दीडपट राखीव. 515 किलोच्या विमानाला हे गणित जवळजवळ 2,935 किलोवर जातं. पंख उलटा बसवून त्यावर वाळूच्या गोण्या रचत हे प्रत्यक्ष तपासता येतं.

मग येतं वजन. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवायचे. समजा पुढच्या चाकावर 70 किलो आणि मागच्या दोन्हींवर 140-140 भरले. अंतरं नाकाच्या टोकापासून मोजली: पुढचं चाक 0.6 मीटरवर, मागची 2.1 मीटरवर. वजन गुणिले अंतर यांची बेरीज 630 होते. तिला एकूण 350 किलोंनी भागलं, की गुरुत्वमध्य 1.80 मीटरवर येतो. आता 2.2 मीटरवर 75 किलोची दोन माणसं बसवा, तो 1.92 वर सरकतो. मागे 2.9 मीटरवर 15 किलो सामान ठेवा, 1.95. केवळ 15 किलोंनी तो तीन सेंटिमीटर मागे गेला. आराखड्यात ठरवलेल्या मागच्या मर्यादेच्या पलीकडे तो गेला, तर नाक वर उचललं गेल्यावर खाली आणायला शेपटीचा जोर पुरत नाही, आणि हवेत गेल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

इंजिन चालू झालं म्हणजे इंधन पुरतंय असं नव्हे. विमान चढाच्या कोनात, नाक वर करून उभं करतात, कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडतात आणि मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मापात मोजतात. टाकी उंचावर असून पेट्रोल आपोआप उतरत असेल, तर पूर्ण ताकदीला लागतं त्याच्या दीडपट यायला हवं.

आता हवा. शिरवळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, म्हणजे अंदाजे 2,000 फुटांवर आहे. या उंचीवर प्रमाणित तापमान 11 अंश धरतात. मे महिन्यातल्या दुपारी पारा 38 वर असेल, तर विरळ झालेल्या हवेमुळे विमानाला ते ठिकाण 5,200 फुटांवर असल्यासारखं वाटतं. साध्या इंजिनाची ताकद साधारण 15 टक्के कमी होते, प्रोपेलर आणि पंखही कमी हवा पकडतात, धाव लांबते. पावसाळ्यात पश्चिमेचा जोराचा वारा डोंगर ओलांडून येताना घुसळतो तो वेगळाच. म्हणून पहिलं उड्डाण थंडीतल्या सकाळी, शांत हवेत, लांब धावपट्टीवरून करतात. यादवांचं विमान 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीला उतरलं. आपल्या भागात कराड आणि बारामतीला धावपट्ट्या आहेत, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी हाती आल्याशिवाय कुठेच चाक उचलता येत नाही. पुण्याच्या लोहगावला हवाई दलाचा तळ असल्याने त्या बाजूच्या आकाशाचाही आधी विचार करायला हवा.

चाचणीत एका वेळी एकच नवी गोष्ट करायची. आधी जमिनीवर हळू फिरवून ब्रेक आणि वळणं, मग वेग वाढवत शेपटीवरचा रडर कधीपासून लागू पडतो ते पाहणं. पहिल्या उड्डाणात वैमानिक एकटाच. धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत दोन-तीन हजार फूट उंची गाठायची, कारण इंजिन थांबलं तर तिथून तरंगत परत येता येतं. अगदी खाली असताना थांबलं, तर मागे वळायचं नाही, समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरायचं. उंचीवर वेग कमी करत नेऊन ज्या वेगाला पंख हवा सोडतात, म्हणजे विमान पेलेनासे होतात, तो आकडा स्वतःच्या वेगमापकावर वाचायचा. नव्या विमानाचा वेगमापक थोडा खोटं बोलू शकतो, म्हणून कागदावरचा आकडा चालत नाही. वाचलेल्या आकड्याच्या 1.3 पट वेग उतरण्यासाठी धरायचा.

उतरल्यावर इंजिनावरचं आच्छादन काढून तेलाची गळती, सैल झालेली क्लिप, घासलेली वायर पाहायची. तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा कीस शोधायचा. सगळं स्वच्छ असेल तरच पुढच्या फेरीत मागच्या जागेवर दहा किलो वाळू बांधायची.