पहिल्या वर्गाची रेघ

काही वर्षांपूर्वी वरसे येथे माझ्या घरी एक मुलगी गुणपत्रिका घेऊन आली. रोह्याला लागून असलेल्या आमच्या या गावातून धाटावच्या कारखान्यांत पाळीने जाणारी माणसे पुष्कळ. तिचे वडील त्यांतलेच, कंत्राटावर. एम.ए.ला तिला 49.6 टक्के होते. "सर, हे पन्नासच धरतात ना?" तिने विचारले. धरत नाहीत. नेटसाठी एम.ए.ला 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. अपूर्णांक वर ओढायचा नाही, असे नियमातच म्हटले आहे. प्राध्यापकीचे दार 0.4 ने बंद झाले. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले; पण तिला त्या संध्याकाळी जे सांगता आले नाही, ते येथे मांडतो.

विद्यापीठ वर्ग देते म्हणजे नेमके काय करते? गुण ही सलग चढत जाणारी गोष्ट आहे. विद्यापीठ तिच्यावर रेघा ओढते. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या वार्षिक पद्धतीत 60 ला पहिला वर्ग, 45 ला दुसरा, त्याखाली पास क्लास. म्हणजे 45 वाला आणि 59 वाला एका टोपलीत, आणि 59 वाला व 60 वाला जणू दोन वेगळ्या जातीचे! पुढे श्रेणी आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 साली दहा अंकांची मोजपट्टी दिली. नावे बदलली, रेघा वाढल्या.

आता या रेघांवर मुलांची वाटणी कशी होते ते पाहू. मोठ्या परीक्षेचे गुण मांडले तर साधारणपणे मध्ये ढीग असतो आणि दोन्ही बाजूंना उतरण. समजा, एका गटाची सरासरी 55 आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांची पसरण, 10 आहे. या गटात शंभरांपैकी सुमारे 31 जण साठच्या वर जातात. दुसरा गट घ्या. पसरण तीच, सरासरी मात्र 50. या मुलांचे पाच गुण कुठे गेले? कुणाचे पुस्तक परीक्षेच्या तोंडावर हाती आले म्हणून, कुणाचे इंग्रजीतले उत्तर मनात मराठीत तयार होते म्हणून, कुणी बापाच्या जागी पाळीवर गेला म्हणून. या गटात साठच्या वर किती? सुमारे 16. सरासरीत फरक पाच गुणांचा, पण पहिल्या वर्गातली संख्या निम्मी. रेघ सत्तरावर नेली तर एकीकडे 7 आणि दुसरीकडे 2. रेघ जितकी वर, तितका लहानसा अन्याय मोठा होऊन दिसतो. निकालाच्या दिवशी फक्त वरच्या रेघेपलीकडची नावे वाचणारा मग सहज म्हणतो, "बघा, गुणवत्ता!" ढीग त्याने पाहिलेलाच नसतो.

आमच्याच मुलखातले उदाहरण घ्या. महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मलेल्या आणि रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांनी 1912 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक मिळवला. वडील वकील. त्याआधी पाच वर्षे, 1907 साली, परळच्या चाळीत एका खोलीत, पहाटे दोनला उठून अभ्यास करणाऱ्या भीमराव आंबेडकरांना त्याच परीक्षेत 750 पैकी 282 गुण मिळाले. म्हणजे 37.6 टक्के. देशमुखांच्या विद्वत्तेला यात उणेपणा नाही. ते 1956 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले ते योग्यतेनेच. मी तोलतो आहे ती दोन घरे. त्या 37.6 वर कोणी रेघ ओढली असती तर कोलंबिया कुठले आणि संविधान कुठले?

आणखी एक गोष्ट. विद्यापीठाच्या लेखी उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांक असतो, नाव नसते. अंतर्गत गुण मात्र आपलाच प्राध्यापक देतो, आणि त्याला आडनाव ठाऊक असते. रेमा हॅना व ली लिंडन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतात एक प्रयोग केला. तो 2012 साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात चिठ्ठी टाकल्यासारखी, कशीही लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या पत्रिकांना 0.03 ते 0.08 प्रमाण विचलन इतके कमी गुण पडले. दुखणारी बाब अशी की हा भेद खालच्या मानलेल्या जातींतल्या परीक्षकांकडून अधिक झालेला दिसला. आपण हे लपवू नये. मनुस्मृती जाळली, तरी तिचा शिक्का आपल्या हातावरही राहतो.

हा फरक छोटा आहे, असे संशोधकच म्हणतात. वरच्या उदाहरणातली पसरण धरली तर 0.3 ते 0.8 गुण. त्या मुलीला कमी पडले होते 0.4. एका गुणपत्रिकेवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळते. म्हणूनच तिला मी काही बोललो नाही.

पण शंभर गुणपत्रिकांवरून होते. कार्यकर्त्या मित्रांनी आणि शिक्षकांनी आपापल्या महाविद्यालयात प्रवर्गवार तक्ता मागावा: किती पहिल्या वर्गात एवढेच नव्हे, तर सरासरी किती, पसरण किती, आणि लेखी व अंतर्गत गुणांतली तफावत प्रत्येक प्रवर्गाची किती. नावे झाकून मागा, म्हणजे नकार द्यायला निमित्त उरणार नाही.