प्रवेशापासून सहभागापर्यंत : नवागत विद्यार्थी आणि महाविद्यालयातील संसाधने

भारतातील उच्च शिक्षणाचा गेल्या काही वर्षांतील विस्तार लक्षणीय आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशातील विद्यार्थिसंख्या ३.४२ कोटी होती. २०२१-२२ मध्ये ती ४.३३ कोटींवर पोहोचली. याच काळात अनुसूचित जातींचे विद्यार्थी ४६.०७ लाखांवरून ६६.२३ लाख, तर अनुसूचित जमातींचे १६.४१ लाखांवरून २७.१ लाख झाले. मुलींची संख्या १.५७ कोटींवरून २.०७ कोटी झाली. स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के झाले असून, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे आहे.

या आकड्यांचा एक अर्थ असा, की ज्यांच्या घरातून यापूर्वी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते, असे विद्यार्थी आज मोठ्या संख्येने वर्गात बसत आहेत. त्यांना प्रवेश मिळाला. परंतु ग्रंथालय, शिष्यवृत्ती, वसतिगृह, समुपदेशन आणि सहाध्यायी यांच्याशी त्यांचा संबंध जुळला काय, हा प्रश्न प्रवेशाइतकाच महत्त्वाचा आहे. नोंदणीचे आकडे त्याचे उत्तर देत नाहीत.

उपलब्धता आणि उपयोग

अमर्त्य सेन यांच्या क्षमता-दृष्टिकोनात एक मूलभूत भेद केलेला आहे. साधन हाती असणे वेगळे आणि त्या साधनाचे प्रत्यक्ष क्षमतेत रूपांतर करता येणे वेगळे. सायकल असली तरी ती चालविता येत नसेल किंवा रस्ताच नसेल, तर तिच्यामुळे माणसाची गतिशीलता वाढत नाही. महाविद्यालयातील सुविधांनाही हेच लागू पडते.

हे रूपांतर अडते कोठे? पहिला अडथळा माहितीचा असतो. माहिती विनामूल्य नसते. ती शोधण्यासाठी वेळ, श्रम आणि पैसा खर्च होतो, हे जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. दुसरा अडथळा संबंधांचा. ओळखी, विश्वास आणि परस्पर अपेक्षा यांतून निर्माण होणाऱ्या सामाजिक भांडवलामुळे शिक्षणरूपी मानवी भांडवलाच्या निर्मितीस साहाय्य होते, असे प्रतिपादन जेम्स कोलमन यांनी १९८८ मध्ये केले. शिक्षित कुटुंबातील विद्यार्थ्याला वडीलभावंडांकडून जे घरबसल्या कळते, ते पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला चुका करून शिकावे लागते. माहितीचा खर्च सर्वाधिक त्यालाच पडतो आणि तो सोसण्याची ऐपतही त्याचीच सर्वांत कमी असते.

उदाहरणादाखल, झारखंडमधील पलामू जिल्ह्याच्या एखाद्या खेड्यातून रांचीला आलेली शेतमजूर कुटुंबातील विद्यार्थिनी घेऊ. शालेय शिक्षण हिंदीतून झालेले. वर्गातील व्याख्याने मात्र बव्हंशी इंग्रजीत. शिष्यवृत्तीची अंतिम मुदत सूचना फलकावर लागलेली असते, पण तो फलक कोणत्या इमारतीत आहे, हे तिला पहिला महिनाभर ठाऊक नसते. कार्यालयाच्या खिडकीशी विचारावे, तर काय विचारावे हेच कळत नाही. ती हुशार आहे आणि कष्टाळूही आहे. तरीही मुदत टळते. दोष तिच्या गुणवत्तेचा नसतो. तिला सांगणारे कोणी नसते.

यात पणाला काय लागते, याची कल्पना एका आकड्यावरून येते. केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी व आयआयएम या संस्थांतून आधीच्या पाच वर्षांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग या प्रवर्गांतील १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडल्याची माहिती डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत देण्यात आली. त्यांपैकी अनेकांनी अन्य अभ्यासक्रम किंवा संस्था स्वेच्छेने निवडल्या असू शकतात, हे सरकारचे स्पष्टीकरणही लक्षात घ्यावयास हवे. तथापि, कठीण स्पर्धेतून मिळविलेली जागा इतक्या जणांनी का सोडावी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

प्रारंभिक आठवड्यांचे महत्त्व

विद्यार्थी शिक्षण मध्येच का सोडतात, याविषयी व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेले प्रतिमान आजही आधारभूत मानले जाते. विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक अशा दोन्ही जीवनांत जितका सामावला जातो, तितकी तो टिकून राहण्याची शक्यता वाढते, हे त्याचे सार होय. ही प्रक्रिया अगदी आरंभीच सुरू होते.

भारतात या दिशेने काही प्रयत्न झाले आहेत. आयआयटी गांधीनगरने २०११ मध्ये नवागतांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. २०१६ मध्ये वाराणसीच्या आयआयटीने (काशी हिंदू विश्वविद्यालय) अशाच स्वरूपाचा प्रवेशोत्तर कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांच्या परिचय कार्यक्रमाचा आराखडा तयार केला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सहाध्यायी व ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी ओळख, संस्था व विभागांशी संलग्नता, नियमांची माहिती आणि अध्ययनाचा प्रत्यक्ष अनुभव ही तिची चार अंगे आहेत.

परंतु अनेक ठिकाणी हा कार्यक्रम एका दिवसाच्या स्वागत समारंभापुरता उरतो. दीपप्रज्वलन, भाषणे आणि चहापान आटोपले की नवागत पुन्हा एकटा पडतो. उशिरापर्यंत चालणाऱ्या प्रवेशफेऱ्यांमुळे जे विद्यार्थी नंतर दाखल होतात, त्यांच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही.

ग्रंथालय आणि ज्ञानसंसाधने

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना उपलब्ध करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. लाभार्थींची अपेक्षित संख्या सुमारे १.८ कोटी आहे. खासगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांचा मात्र पहिल्या टप्प्यात समावेश नव्हता.

एवढी संपदा उपलब्ध झाली, तरी तिचा मार्ग ग्रंथपालाच्या टेबलावरूनच जातो. ही नियतकालिके कोठे व कशी वाचावयाची, हे ग्रंथालयातच कळते. ग्रंथालयाकडे केवळ क्रमिक पुस्तके देणारी खिडकी म्हणून पाहणारा विद्यार्थी या सार्वजनिक गुंतवणुकीपासून वंचित राहतो.

आर्थिक साहाय्य : अर्ज आणि नूतनीकरण

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती योजनेखाली बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळात ८० व्या शततमकाच्या वर असलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न वार्षिक ४.५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी गुणवत्तेनुसार निवड होते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वार्षिक १२,००० रुपये मिळतात. या शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. पेरणीच्या हंगामात किंवा घरातील आजारपणात महिनाभर गावी राहिलेला विद्यार्थी गुणांत उत्तीर्ण होऊनही उपस्थितीत कमी पडू शकतो.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्ज संस्थास्तरावर पडताळला जाणे अनिवार्य आहे. म्हणजे अर्ज भरल्याने काम संपत नाही. महाविद्यालयातील संबंधित अधिकाऱ्याने तो पुढे पाठविला की नाही, हे पाहावे लागते. बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यास मंजूर रक्कमही अडकते. या बाबी लहान आहेत. पण बारा हजार रुपये म्हणजे ज्या घरात अनेक आठवड्यांची मजुरी असते, तेथे शिक्षण चालू राहणे वा थांबणे त्यांवर अवलंबून असते.

सहाध्यायी आणि समुदाय

माहितीचा खर्च कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ज्येष्ठ विद्यार्थी. रॅगिंगविरोधी विनियम, २००९ बहुतेकांना शिक्षेच्या तरतुदींसाठी माहीत आहेत. त्याच विनियमांत मार्गदर्शक कक्षाचीही तरतूद आहे : दर सहा नवागतांमागे एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या पातळीवरील एक मार्गदर्शक. ज्या ज्येष्ठांचे भय वाटावे, त्यांनाच आधार बनविण्याची ही रचना आहे. ती जेथे कागदावरच राहते, तेथे नवागत केवळ आपल्या गावच्या, जातीच्या वा भाषेच्या वर्तुळात आसरा शोधतो. असा आसरा आरंभी उपयोगी पडतो. मात्र नव्या संधींची वार्ता बहुधा दूरच्या ओळखींतून येते, असे मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ मधील लेखाचे प्रतिपादन आहे.

वर्तुळाबाहेरच्या अशा ओळखी राष्ट्रीय सेवा योजनेतून होऊ शकतात. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील ४०,००० स्वयंसेवकांसह ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असे तिचे स्वरूप आहे. विविध शाखांचे विद्यार्थी शिबिरात एकत्र राबतात आणि एकत्र जेवतात. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये सातारा येथे स्थापन केलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ तत्त्वाला स्थान दिले. श्रमामुळे शुल्काचा प्रश्न सुटला आणि सोबत राबणाऱ्यांचा एक समुदायही उभा राहिला.

समुपदेशन आणि तक्रार निवारण

एकाकीपणाची परिणती कधी गंभीर होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमणे अपेक्षित आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो आणि त्यावर लोकपालाकडे दाद मागता येते. शुल्क परत न मिळणे किंवा मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे यांसारख्या बाबींत याच मार्गाने जाता येते.

जबाबदारी कोणाची?

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. धोरणे, निधी आणि विनियम यांची वानवा नाही. उणीव आहे ती त्यांना विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणाऱ्या दुव्याची. विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात ग्रंथपाल, शिष्यवृत्तीचे काम पाहणारा कर्मचारी, एक प्राध्यापक आणि एक ज्येष्ठ विद्यार्थी अशा चौघांशी ओळख करून घेतली, तरी बरेच मार्ग खुले होतात. परंतु ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य नाही. जो संकोचतो, त्यालाच मदतीची गरज अधिक असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या बाराव्या प्रकरणात विद्यार्थी-साहाय्याची अपेक्षा संस्थांकडून व्यक्त झाली आहे. मुदतीपूर्वी वर्गात जाऊन शिष्यवृत्तीची सूचना देणे, ती विद्यार्थ्यांच्या भाषेत देणे, उशिरा दाखल होणाऱ्यांसाठी परिचय कार्यक्रम पुन्हा घेणे आणि मार्गदर्शक कक्ष प्रत्यक्षात चालविणे, यांस फार मोठा निधी लागत नाही.

स्थूल नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत नेताना जी नवी मुले-मुली महाविद्यालयात येतील, त्यांतील मोठा भाग पहिल्या पिढीतील असेल. पलामूहून आलेल्या त्या विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात कोणी सूचना फलकापाशी नेले, तर तिचे वर्ष वाचेल. प्रवेशाची आकडेवारी वाढविण्याइतकेच तेही नियोजनाचे काम आहे.